सहा आणि आठ

ट्रॉम्सोहून एक मुलगी आली होती, सुन्नीवा नावाची.
बोटीतून उतरताना पाय घसरला तिचा,
फायली मात्र कोरड्या राहिल्या.
आम्हा दोघांना तिनं वेगवेगळं बसवलं,
ओडवारला स्वयंपाकघरात, मला जाळ्यांच्या खोलीत,
चोरांची जबानी घेतात तसं.

एक ते दहा, ती म्हणाली, समाधान किती?
मी म्हटलं, सहा.
पेन्सिल थबकली तिची.
एक्कावन्न वर्षं, आणि सहाच?

आता हिला कुठून सांगू.
नोव्हेंबर सरता सरता आमच्या बेटावरून सूर्य जातो
तो जानेवारी निम्मा होईतो तोंड दाखवत नाही.
त्या दिवसांत माणूस दोनदा चिडतो,
एकदा कारण असतं म्हणून,
एकदा नसतं म्हणून.

सत्त्याऐंशी साली मी बहिणीकडे निघून गेले होते,
बोडोला, एका पिशवीनिशी.
तो न्यायला आला नाही.
रोज सातच्या बातम्या संपल्या की फोन करायचा
आणि विचारायचा,
धुराड्याची झडप उजवीकडे फिरवायची की डावीकडे?
एकवीस दिवस. एकच प्रश्न.
बाविसाव्या दिवशी मी म्हटलं, येते बाबा,
नाहीतर घर पेटवून बसशील.

त्याला येत होती ती झडप.
त्याच्या बापानंच बसवली होती,
हा तेव्हा शिडी धरून उभा होता.
हे मला कळायला पुढची सोळा वर्षं लागली.

सुन्नीवानं विचारलं, झोपता एकत्र?
एका पलंगावर, म्हटलं, दोन पांघरुणांत.
आमच्याकडे तशीच रीत आहे,
रात्रभर ओढाताण कोण करणार?
पण पहाटे कधीतरी त्याचा पाय हद्द ओलांडून येतो,
बर्फातल्या कॉडसारखा गार,
आणि मी तो परत पाठवत नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं
ते तिलाही ठाऊक नव्हतं.

आणि वेलदोड्याचं तर मी बोललेच नाही.
मागच्या ईस्टरला सहज म्हणाला,
मला वेलदोडा नाही आवडत गं.
जन्मभर दर शनिवारी मी गोड पाव भाजतेय,
मूठभर वेलदोडा कुटून घालतेय,
आणि हा चार-चार खातोय!
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या रात्री अंधारात एकाएकी हसू फुटलं.
म्हटलं, याच्या पोटात अजून काय काय दडलंय कोण जाणे,
आणि मला चक्क
सकाळ होण्याची घाई झाली.

बोट सुटल्यावर त्यानं विचारलं, किती सांगितलेस?
सहा. तू?
आठ.
तो बाहेर गेला. आधीच साफ केलेल्या पायऱ्यांवरचा
नसलेला बर्फ काढत बसला.
आत आला तेव्हा मिशीला दव गोठलेलं.
म्हणाला, तुझे सहा म्हणजे माझे आठच.
माशाचं वजनसुद्धा तू नेहमी कमी सांगतेस, गुनवोर.
आणि तू जास्त, मी म्हटलं.
म्हणून तर धंदा चालला, तो म्हणाला.

सुन्नीवा टोपी विसरली होती, लोकरीची, पिवळी.
ओडवारनं ती आपल्या टोपीशेजारी खिळ्याला लावली.
येईल परत, म्हणाला, एक विचारायचं राहिलंय तिचं.
काय?
तू सहा का म्हणालीस ते.
मग तूच विचार की.
विचारतोय.

मी कॉफी चढवली.
खिडकीबाहेर दुपारचे दोन, आणि पूर्ण रात्र.
तो टेबलाशी बसून राहिला,
तळवे गुडघ्यांवर, फोनजवळ बसायचा तसा.

उजवीकडे, मी म्हटलं.
उजवीकडे फिरवायची.